दगडावर नसलेलं नाव

मथुराकाकींना हाक मारायची तर तीनदा मारावी लागायची. पहिल्या हाकेला त्या ओ देत नसत. दुसऱ्या हाकेला हातातलं काम थांबायचं, आणि तिसरी हाक गेली की मग वाडीतून आवाज यायचा, "कोन गो? आले, आले." मी त्यांच्या शेजारी नवी राहायला गेले तेव्हा मला वाटलं, बाईंना ऐकू कमी येतं. मी आपली घसा फोडून ओरडायची. आठ दिवसांनी त्याच वैतागल्या.

"बाय, मी बहिरी न्हाय. पन पहिल्या हाकेला ओ देऊ नये. मानूस तीनदा हाक मारतं. दुसरं जे काय असतं, ते एकदाच मारतं."

"दुसरं म्हणजे काय?"

"ते इचारू पन नये," म्हणाल्या आणि सुपाऱ्या सोलायला बसल्या.

मी मूळची पालीची. चौलच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या एका गावात शाळेवर माझी बदली झाली. नवरा आणि त्याचं दुकान पालीला, मी इकडे भाड्याच्या खोलीत. शनिवारी दुपारची एसटी धरायची, सोमवारी सकाळी परत. अशी सहा वर्षं काढली. त्या सहा वर्षांत माझ्या भिंतीपलीकडे मथुराकाकी होत्या.

काकी गेल्या त्याला दीड वर्ष झालं. तोवर मी श्रीवर्धनला बदलून आले होते. कळलं तेही चार दिवस उशिरा. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणते आणि टाळते. कारण त्यांच्याबद्दल लिहायचं तर माझ्या हातून जे झालं तेही लिहावं लागेल, आणि स्वतःची चूक सांगायची वेळ आली की मी गोल गोल फिरत बसते. असो. थोडी फिरते, मग सांगते.

काकी भित्र्या होत्या असं म्हटलं तर गावात कुणी ऐकून घेणार नाही. माझ्या मोरीत फुरसं निघालं होतं तेव्हा मी पलंगावर उभी राहून देवाचा धावा करत होते, आणि या बाईने ते काठीवर उचलून वाडीबाहेर नेऊन सोडलं. वर मलाच म्हणाल्या, "ते बिचारं गारव्याला आलेलं, आनि तू काय बोंबलतेस!" विहिरीत उतरायच्या, मोकाट बैलाला शिंगाला धरून बाजूला करायच्या. पण फोनची घंटा वाजली की त्यांच्या हातातलं भांडं पडायचं. दिराने घेऊन दिलेला मोबाइल त्या फडताळात वाटीखाली झाकून ठेवत. पोस्टमन दारात आला की चेहरा पिठासारखा पांढरा. बिचारा पोस्टमन लांबूनच ओरडायचा, "काकी, लाइटबिल हाय, लाइटबिल!" मग कुठे त्या ओटीवर यायच्या.

एकदा मी त्यांना म्हटलं, काकी, इतकी कशाची भीती? तर म्हणाल्या, "भ्या म्हंजे सासू गो. तिला वेळेवर जेवायला वाढायचं, पन तिच्या शेजारी बसायचं न्हाय."

त्यांचे यजमान एकाहत्तरच्या लढाईला गेले आणि परत आले नाहीत. त्यांना मेलेलं कुणी पाहिलं नव्हतं. सापडले नाहीत, एवढंच. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पुढे कधीतरी सरकारचा कागद आला, 'मृत समजण्यात येत आहे' असा. काकींनी तो तांदळाच्या डब्यात तळाशी घातला. "समजतात त्यांना समजू दे. मी न्हाय समजत." सत्तरी ओलांडली तरी कपाळाला कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात काळे मणी. गावाने पहिल्यांदा कुजबुज केली असेल. माझ्या वेळेपर्यंत सगळ्यांना सवय झाली होती.

आणि नवऱ्याचं नाव त्यांनी कधी तोंडातून काढलं नव्हतं. जुन्या बायकांची समजूत, नाव घेतलं की माणसाचं आयुष्य कमी होतं. पण त्या बायकाही लग्नामुंजीत उखाण्यात नाव घेतात. काकींनी तेवढंही नाही. आधीच कुठे किती उरलंय कोण जाणे, त्यातलं आणखी कमी कशाला करा, असा त्यांचा हिशेब. मतदार यादीवाला दारात येऊन नवऱ्याचं नाव विचारायचा तेव्हा त्या दिराच्या दाराकडे बोट दाखवायच्या. धाकटे दीर विश्रामभाऊ पलीकडच्या अर्ध्या घरात राहात, ते सांगायचे. मीही बघा, इथवर ते नाव लिहिलेलं नाही. काकींच्या शेजारी राहून ही सवय लागते.

आता डोंगराचं सांगते, कारण सगळं तिथेच आहे.

गावाच्या मागे शिडीचा डोंगर. त्याच्या माथ्यावर पुरुषभर उंचीचा एक दगडी खांब आहे. साहेबाच्या काळात, पहिल्या मोठ्या लढाईत आसपासच्या वाड्यांमधले जे गडी बोटीने गेले आणि आले नाहीत, त्यांची नावं त्यावर कोरलेली. नंतरच्या लढायांमधली नावं खाली खाली वाढत गेली. लोक त्याला नावांचा दगड म्हणतात. इतक्या उंचावर का, तर म्हणे तेव्हाच्या बायका तिथे चढून समुद्राकडे बघत आणि बोटीवरच्या आपल्या माणसाला हाका मारीत. म्हणून अजूनही दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सारा गाव चालत वर जातो. ज्याच्या घरातलं नाव, त्याने ते समुद्राकडे तोंड करून तीनदा पुकारायचं. तिसऱ्या हाकेला जमलेल्या सगळ्यांनी मिळून ओ द्यायची, "हाय!" ज्यांच्या घरात आता पुकारायला कुणी उरलेलं नाही, त्यांची नावं शाळेच्या बाईंनी घ्यायची. म्हणजे मी. नऊ नावं माझ्या वाट्याला.

आणि मला उंचीची भीती! शाळेत माळ्यावरचा नकाशा काढायला मी स्टुलावर चढत नाही. त्या डोंगराला पायऱ्या आहेत तोवर ठीक, पण शेवटी एक सोंड लागते. वीसपंचवीस पावलांचीच असेल, पण रुंदी दोन माणसांची. एका अंगाला खाली रेवदंड्याची खाडी, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं, आणि मधे वारा. त्यात चपला सोंडेच्या अलीकडेच काढून ठेवायच्या, अनवाणी जायचं, असा रिवाज. पहिल्या वर्षी तिथे पोचले आणि माझी पाचावर धारण बसली. मी सरळ खाली बसले. म्हटलं, नोकरी गेली तरी चालेल.

मागून मथुराकाकी आल्या. "ऊठ. खाली बघू नको, वर बघू नको. माझ्या टाचांकडं बघ. टाच उचलली की पाय उचल." आणि पुढे झाल्या. मी त्या टाचांकडे बघत बघत गेले. रोज कोकमाचं तेल चोळलेल्या, या वयातही गुळगुळीत, एकही भेग नसलेल्या टाचा. मी दुसऱ्या कुणाचं काही इतकं निरखून पाहिलेलं नाही.

सोंड त्या परसात चालल्यासारख्या ओलांडून गेल्या. पण दगडाजवळ पोचल्या आणि बाईंची पावलं मंदावली. नावं पुकारायला अजून अवकाश होता. काकी दगडाला हळूहळू प्रदक्षिणा घालत होत्या, एकेका ओळीवर बोट ठेवीत. वाचता तर येत नव्हतं. शेवटच्या ओळीपाशी येऊन माझ्याकडे वळल्या. "बाय, ह्या सगळ्यात नवं कुठलं हाय का?"

"नाही. सगळी जुनीच."

"नक्की?"

"नक्की, काकी."

तेव्हा त्यांनी पदराची गाठ सोडली. आत गूळखोबरं होतं. ते सगळ्यांच्या हातावर ठेवत फिरल्या, हसत. लोक गंभीर चेहऱ्याने आपापल्या मेलेल्यांसाठी आलेले, आणि ही बाई आपलं माणूस त्यात नाही म्हणून तोंड गोड करत होती. कुणाला राग आला नाही. विश्रामभाऊ तेवढे तोंड फिरवून उभे होते.

उतरताना मी विचारलं, एवढी धास्ती वाटते तर येता कशाला?

"न येता कसं कळनार?" म्हणाल्या.

त्यानंतर आठवड्याभरात त्यांनी मला घरी बोलावलं आणि खाटेखालून एक काळी लोखंडी पेटी ओढली. यजमानांची, पलटणीतली. वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. "ह्यावर जे लिवलंय ना, ते मला वळखू आलं पायजे. बाकी काय शिकवू नको. दरसाल कुनाला तरी इचारावं लागतं, आनि सांगनारा खरं सांगतो का खोटं, काय कळतं?"

मी पाटी आणली आणि ते नाव मोठ्या अक्षरात लिहून दिलं. चार अक्षरं. माझी एक खोड आहे, पहिल्या अक्षराची शेपटी मी लांब ओढून वर वळवते, मुलंही हसतात. काकींनी तीच शेपटी पकडली. महिनाभर त्या पाटीवर बोट फिरवायच्या आणि पुसायच्या. तोंडाने मात्र एक अक्षर उच्चारलं नाही. मी एवढ्या मुलांना शिकवलं, पण मुकाट्याने वाचायला शिकलेली विद्यार्थिनी ही एकच.

पुढे रेवदंड्याच्या बाजारात काय झालं, ते ऐका. मी आणि काकी सुकट घ्यायला गेलो होतो. चालता चालता या बाई मटकन रस्त्यात बसल्या. मला वाटलं चक्कर. तर वर बोट दाखवतायत. समोर एका किराणा दुकानाची नवी पाटी, मालकाचं नाव तेच! "हितं कसं आलं गो? हितं कसं आलं?" ओठ निळे पडलेले. दुकानदार पाणी घेऊन धावला. मी समजावलं, अहो या नावाची शंभर माणसं असतील. तेव्हा जरा जिवात जीव आला. मग दुकानदाराला म्हणाल्या, "तुमाला बायको हाय?" तो म्हणाला, आहे. "मग बरं हाय. सांभाळून ऱ्हावा," म्हणाल्या आणि उठल्या.

आता माझी चूक.

माझ्या पाचव्या वर्षी, भर पावसात विश्रामभाऊ शाळेत आले. त्यांना दमा. धापा टाकत बाकावर बसले. "बाई, दगडाला खाली नवी पाटी बसवतोय. तीन नावं राहिलीत. तुमचं अक्षर चांगलं हाय, कागदावर लिहून द्या. पाथरवट तसंच उतरवील." मी यादी बघितली. तिसरं नाव वाचलं आणि यादी खाली ठेवली.

"भाऊ, काकींना विचारलंत?"

"मी त्याचा सख्खा भाऊ हाय, बाई. माझा दम आज हाय, उद्या न्हाय. मी गेल्यावर त्याचं नाव कोन पुकारनार? वहिनी तर घ्यायची न्हाय. घरात त्याचा फोटो लावता येत न्हाय, पितरात त्याला जेवू घालता येत न्हाय. दादा कुठंच न्हाय बघा. डोंगरावर तरी असू दे." आणि मग, "वहिनीला मी सांगतो. तुम्ही काळजी करू नका."

मी लिहून दिलं. माझ्याच वळणाने, शेपटीसकट. त्या दिवशी संध्याकाळी काकींनी वालाचं बिरडं आणून दिलं, ते मी तसंच झाकून ठेवलं.

रोज विश्रामभाऊंना विचारायची, सांगितलंत? रोज ते म्हणायचे, आज सांगतो. दसरा झाला. शनिवारी मी पालीला गेलेच नाही, भाऊंना गाठलं. तर म्हणतात कसे, "माझ्याच्यानं न्हाय होत हो. तुमीच सांगा. तुमचं ऐकते ती." म्हणजे बघा! एक दीर, एक मास्तरीण, दोघे मिळून एका म्हातारीला घाबरलेले. पाटी वर जाऊन बसून पंधरा दिवस झाले होते, साऱ्या गावाला ठाऊक होतं, आणि सारा गाव मूग गिळून होता.

रविवारी सकाळी काकी तयार. पदराला गूळखोबऱ्याची गाठ. विश्रामभाऊ चार गड्यांबरोबर पहाटेच पुढे गेलेले. वाटेत मी तीनदा तोंड उघडलं. चिंचेपाशी म्हटलं, "काकी, एक सांगायचंय." म्हणाल्या, "दम लागतो, वर गेल्यावर सांग." पाण्याच्या टाकीपाशी त्या स्वतःच बोलायला लागल्या, की काल स्वप्नात ओटीवर कुणाच्या तरी वहाणा दिसल्या, मातीने भरलेल्या; त्यांचा चेहरा इतका उजळला होता की माझी जीभ टाळ्याला चिकटली. आणि चपला काढायच्या जागी मी त्यांचा हातच धरला. "काकी, यंदा नको जाऊया. मला गरगरतंय. खरंच परत जाऊया."

"दरसालचंच तुझं," त्या म्हणाल्या. "चल. माझ्या टाचांकडं बघ."

ती वीसपंचवीस पावलं मी कशी टाकली, माझं मला माहीत. खाली खाडी होती की नव्हती, पाहिलंच नाही. वाटत होतं, ही सोंड संपू नये.

त्यांनी नेहमीसारखी प्रदक्षिणा घातली. मग खाली नवी काळी पाटी दिसली. बाई उकिडव्या बसल्या. पहिल्या नावावरून बोट फिरवलं. दुसऱ्यावरून फिरवलं. तिसऱ्यावर, त्या वर वळलेल्या शेपटीवर, बोट थांबलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा एकदा. मी मागे उभी होते. मला वाटलं आता ओरडतील, कोसळतील. त्या उठल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि सगळ्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. गाठ सोडली नाही.

पुकारा सुरू झाला. एकेक नाव, तीन हाका, आणि सगळ्यांची ओ. माझी नऊ नावं मी घेतली. मग नवी पाटी. पहिलं नाव झालं, दुसरं झालं. विश्रामभाऊ पुढे झाले. त्यांनी श्वास घेतला, तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. पुन्हा प्रयत्न केला. "दादा..." एवढंच निघालं, आणि म्हातारा दगडाला धरून रडायला लागला. कुणाला काय करावं कळेना. मधेच पुकारा सोडून देणं अशुभ.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"दत्ताराम!"

मी इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिले, पण तो आवाज मला ओळखू आला नाही. म्हातारीचा नव्हताच तो. लोक बाजूला झाले. काकी कड्याच्या टोकाशी, समुद्राकडे तोंड करून उभ्या होत्या.

"दत्ताराम!"

बायका डोळ्याला पदर लावायला लागल्या. सगळे तिसऱ्या हाकेची वाट बघत होते. काकींनी हात वर केला. मागे न वळता म्हणाल्या, "कोनी ओ देऊ नका. त्येला देऊ द्या."

आणि तिसरी हाक मारली.

सगळा गाव गप्प उभा. खरं सांगते, मी आयुष्यात एवढी कधी घाबरले नाही. मला भीती वाटत होती की खालून कुठून तरी ओ येईल. आणि त्याहून मोठी भीती ही, की येणार नाही. काकींची मान जराशी वाकडी झाली होती, कानोसा घेताना होते तशी. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. वाऱ्याने गवत हलत होतं. खाली खाडीत एका होडीचं इंजिन सुरू झालं आणि लांब गेलं.

मग त्यांनी हात खाली घेतला. "झालं. चला," म्हणाल्या. विश्रामभाऊंच्या जवळ जाऊन पाठीवरून हात फिरवला. "उठा भावजी. वाऱ्यात बसू नका."

लोक उतरायला लागले. आम्ही शेवटी राहिलो. सोंडेशी आलो आणि पुढे चाललेल्या काकी एकदम थबकल्या. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि कड्याचं गवत मुठीत धरून खाली बसल्या.

"बाय, ही जागा अशीच होती?"

"अशीच, काकी."

"एवढी खोल?" त्यांचे दात वाजत होते. "मला कधी दिसलीच न्हाय गो. मला भ्या वाटतंय."

पन्नास वर्षं ही बाई दरसाल इथून गेली होती. सगळी भीती त्या दगडापाशी ठेवलेली. खाली बघायला शिल्लकच नव्हती. आज तिथली संपली आणि इथली समोर आली. मला रडू फुटलं. मी त्यांच्यासमोर बसले.

"काकी, ते अक्षर..."

"तुझं हाय," त्या म्हणाल्या. "शेपटी वळखली मी. आधी बोलली का न्हायस?"

"घाबरले, काकी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पदराची गाठ तशीच होती, ती त्यांनी चाचपली आणि कमरेला खोचली. मग हात पुढे केला. "उठीव मला. तू व्हय पुढं."

मी पुढे झाले. मी! माझा पदर त्यांनी मागून घट्ट धरला. आता मागे वळता येत नव्हतं आणि बसता येत नव्हतं. म्हटलं, "खाली बघू नका, वर बघू नका. माझ्या टाचांकडे बघा. टाच उचलली की पाय उचला."

चारपाच पावलं गेलो. मागून नुसता श्वासाचा आवाज येत होता. मग काकी बोलल्या.

"टाचा फुटल्यात गो तुझ्या. घरी गेल्यावर ये, कोकमाचं तेल देते."